काळीचे बोलून झाले, आता पांढरीचे बोलू

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शेतकीची पदवी घेतलेला माणूस बोलायला उभा राहिला की तो बोंडअळीवर, खतांच्या मात्रेवर किंवा पीकविम्यावर बोलणार, असे तुम्ही धरूनच चालता. आज त्यातले काही नाही. आज घराविषयी बोलायचे आहे. आपल्या बैठकांत हा विषय येत नाही. घर म्हणजे ज्याचा त्याचा खासगी मामला, नाहीतर ग्रामपंचायतीतल्या गटातटाचा विषय, असे आपण मानतो. पण इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत रोज रात्री बोलणे तेच असते. थोरल्याचे लग्न झाले, धाकट्याचे करायचे आहे, निजायचे कुठे?

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग. एक काळी, दुसरी पांढरी. काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ती पांढरी का झाली, हे मातीचा अभ्यास केलेला माणूस म्हणून सांगतो. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेणसारवण, हाडे हे सगळे शेकडो वर्षे एकाच जागी जिरत गेले की माती भुरकट पांढरी होते. तिच्यात चुना आणि स्फुरद भरपूर असते. म्हणून जुने लोक ओसाड पांढरीची माती गाड्या भरभरून रानात नेऊन टाकायचे. आपल्या तालुक्याचे गाव भोकरदन, म्हणजे जुने भोगवर्धन. तिथे १९७३ साली पांढरीचे टेकाड खणले, तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. म्हणजे या मुलखात माणूस दोन हजार वर्षांपासून घर करून राहतो आहे. आणि दोन हजार वर्षांनी आपण विचारतो आहोत की पोराला खोली कुठे काढून द्यायची.

काळीचे तुकडे पडतात, हे आपल्याला कळते, कारण ते सात-बारावर दिसते. पांढरीचे तुकडे पडतात ते कुणी मोजत नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक गावठाणांची हद्द निजामाच्या काळात पैमाश झाली तेव्हाची आहे. घराणी वाढली, हद्द तिथेच. आजोबाच्या चार खणांच्या माळवदात आज तीन चुली आहेत. मधे पोत्याचा आडोसा, नाहीतर पत्र्याची भिंत. गावठाण वाढवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तुमच्या गावाने तो ठराव शेवटचा कधी केला, ते घरी गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बहुतेक ठिकाणी आठवणारा माणूस सापडणार नाही.

आता सरकार बेघर कुणाला म्हणते ते बघू. जनगणनेत बेघर म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही तो. फुटपाथवर, पुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या ओट्यावर, मोठ्या सिमेंटच्या नळ्यांत राहणारा. २०११ च्या जनगणनेत त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. देशात १७ लाख ७३ हजार बेघर निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. ज्याने उसाच्या वाढ्याची आणि ताडपत्रीची कोपी उभी केली आहे, त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, तो यात बसत नाही. आपल्या जालना-बीडकडची जोडपी दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळा लागता परत येतात. वर्षातले पाच-सहा महिने कोपीत. बाळंतपणसुद्धा कोपीतच होते. गावात त्यांचे घर आहे, म्हणजे काय आहे? दाराला कुलूप, भिंतीला पोपडे. कागदावर ते बेघर नाहीत.

गावातला बेघर माणूस रस्त्यावर झोपलेला दिसत नाही, म्हणून आपण समजतो की बेघरपणा हे शहराचे दुखणे आहे. तो भावाच्या पडवीत असतो. मालकाच्या आखाड्यावर असतो. नवऱ्याने टाकलेली बहीण असते, ती माहेरच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असते आणि भावजयीच्या रेशनकार्डावर तिचे नाव असते. कार्ड एक, म्हणून कुटुंब एक. सर्वेक्षणाला आलेला माणूस दारातून विचारतो, "घर कुणाचे?" भाऊ सांगतो, "माझे." झाले, नोंद संपली.

घरकुलाच्या योजनांचा इतिहास मोठा आहे, सगळा सांगत बसत नाही. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून चालली. १ एप्रिल २०१६ पासून तिची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. राज्याच्या रमाई, शबरी, पारधी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आहेत, त्यांत २०२३ साली इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवासची भर पडली. नावे भरपूर आहेत. लाखो लोकांना घरे मिळाली आहेत, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या आयुष्यात फरक पडला आहे. गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढलेल्या बाईला विचारा, ती सांगेल. म्हणून सगळेच बोगस आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या योजनेची मापे कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगाला येत नाहीत.

पहिले माप पात्रतेचे. २०१६ च्या नियमांत १३ अटी अशा होत्या की त्यातली एक जरी लागू झाली तरी कुटुंब आपोआप बाद. मोटारसायकल असली तरी बाद, फ्रिज असला तरी बाद. २०२४ साली योजनेचा दुसरा टप्पा आला, तेव्हा त्यातल्या काही अटी काढल्या आणि १० ठेवल्या. मोटारसायकल आता चालते, फ्रिजही चालतो. राहिलेल्यांपैकी दोन अटी नीट ऐका. एक, ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून जास्त आहे तो बाद. दुसरी, ज्याच्याकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त कोरडवाहू जमीन आहे तो बाद.

किसान क्रेडिट कार्ड म्हणजे काय हो? ती ठेव आहे का? ते पीककर्ज आहे. आज एक हेक्टर कापसाला मंजूर होणारे पीककर्ज पन्नास हजारांच्या पुढे जाते. म्हणजे अडीच एकरवाला अल्पभूधारक बँकेतून रीतसर कर्ज घेतो, म्हणून तो घराला अपात्र. शेजारचा सावकाराकडून काढतो, तो पात्र. कर्जाचा आकडा हे श्रीमंतीचे लक्षण धरणारा हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात मला माहीत नाही. याच कर्जापायी ज्या घरातल्या माणसाने विषाचा डबा तोंडाला लावला, त्या घरातल्या बाईला तुम्ही सांगणार का, की बाई, तुझ्या नवऱ्याची पत मोठी होती?

पाच एकर कोरडवाहूचेही तसेच. दिल्लीतल्या टेबलावर पाच एकर हा आकडा मोठा दिसतो. आपल्याकडे पाऊस वेळेवर आला, खंड पडला नाही, तर एकरी चार-पाच क्विंटल कापूस. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली की पाते गळून त्याचे दोन होतात. त्या पाच एकरांत घर बांधता येईल एवढी शिल्लक गेल्या दहा वर्षांत कुणाकडे पडली असेल तर त्याने हात वर करावा. (एकही हात वर झाला नाही, याची नोंद शब्दांकन करणाऱ्याने घ्यावी.)

आणखी एक मजा. घर कच्चे कधी धरायचे? भिंत कच्ची आणि छप्परही कच्चे असेल तर. पऱ्हाट्यांचा नाहीतर तुऱ्हाट्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, आणि वर उसनवारी करून चार पत्रे टाकले, की पत्रे पक्के म्हणून घर कच्च्यातून गेले. गवताचे छप्पर ठेवले असते तर नाव यादीत लागले असते. माणसाने स्वतःच्या जिवावर अर्धे पाऊल पुढे टाकले की योजना त्याच्यापासून लांब जाते.

दुसरे माप पैशाचे. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये. हा आकडा २०१६ साली ठरला. २०२४ साली पुढच्या पाच वर्षांसाठी आणखी २ कोटी घरे मंजूर झाली, तेव्हाही केंद्राचा आकडा तोच राहिला. आपण शेतकरी माणसे, रुपयात मोजल्याने आपल्याला कळत नाही, कापसात मोजू. २०१६-१७ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,१६० रुपये. म्हणजे १ लाख २० हजार म्हणजे जवळपास २९ क्विंटल कापूस. २०२५-२६ चा हमीभाव ८,११०. आता तेच १ लाख २० हजार म्हणजे १५ क्विंटलसुद्धा नाही. ज्वारीत मोजा. तेव्हा संकरित ज्वारीचा हमीभाव १,६२५, म्हणजे ७४ क्विंटल. २०२५-२६ ला ३,६९९, म्हणजे साडेबत्तीसच्या आत. यावरून आपला माल फार महागला असे कुणी समजू नये. हमीभाव कागदावर असतो आणि खेडा खरेदीत काय हातावर पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. रुपया हलका झाला, सिमेंट-सळई-मजुरी चढली, आणि घरकुलाचा आकडा तेवढा जागच्या जागी गोठून बसला.

राज्य सरकारने २०२५ साली त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेला. भर घातली हे चांगले केले. आता सगळे मिळवून बघू. केंद्राचे १ लाख २० हजार. शौचालयाचे १२ हजार. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार ८०. राज्याचे ३५ हजार. बेरीज १ लाख ९५ हजार ८०. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. भागाकार करा. चौरस फुटाला सव्वासातशे रुपये. इथे गवंडीकाम करणारे लोक बसले आहेत. सव्वासातशे रुपयांत स्लॅबचे घर कुणी बांधून देणार असेल तर त्याचे नाव मी आजच लिहून घेतो.

त्यात कराचे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता, नंतर तो १८ झाला. सळईवर १८ टक्के. सळई आपल्या जालन्याच्या कारखान्यांत होते, इथून देशभर जाते, पण केदारखेड्याच्या माणसाला ती कर भरूनच घ्यावी लागते. एका खिशात घातलेल्यातले थोडे दुसऱ्या खिशातून परत जाते. वाळूचे म्हणाल तर २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत आहे. कागद तहसीलमधून मिळतो. वाळू नदीतून आणावी लागते, आणि ट्रॅक्टरवाल्याचे भाडे मोफत नसते.

आता तिसरे माप. माझ्या शिक्षणाचा तुम्हाला जर काही उपयोग व्हायचा असेल तर तो इथे आहे. आपल्याकडची काळी माती फुगते आणि आकसते. तिच्यात एक प्रकारची चिकणमाती असते, मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात तिला. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. पऱ्हाटीच्या मुळ्यांना ही माती मानवते, भिंतीला मानवत नाही. दर पावसाळ्यात ती पाया उचलते आणि दर उन्हाळ्यात खाली सोडते. दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपी चीर पडते, दार चौकटीत अडकायला लागते. वाडवडिलांनी घरे काळीत का बांधली नाहीत, पांढरीवर, मुरमाड उंचवट्यावर का बांधली, त्याचे हे एक कारण.

गावठाण भरले म्हणून आज घरकुले कुठे होतात? गावाबाहेर काळीत. नकाशा सगळ्या देशाला जवळपास एकच. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा हप्ता काम दिसल्यावर, मोबाइलवर फोटो गेल्यावर. मुरूम लागेपर्यंत खणायचे तर आपल्याकडे कुठे चार फूट, कुठे आठ फूट. पंधरा हजार रुपये खड्ड्यातच जातात, आणि फोटोत खड्डा काही काम म्हणून दिसत नाही. मग माणूस दोन फुटांवर विटा लावतो आणि जोते दाखवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला पुढचा हप्ता पाहिजे तो दिसणारे काम आधी करणारच.

म्हणून जे बांधणार आहेत त्यांनी एवढे ऐकून ठेवा. मुरूम लागला तर पाया मुरमावर न्या. लागत नसेल तर चर रुंद खणा, खणलेली काळी माती परत त्यात टाकू नका, मुरूम थराथराने भरून धुम्मसने ठोका. जोत्यावर सळईचा सलग पट्टा घ्या, तो घराला कमरपट्ट्यासारखा बांधून ठेवतो. घराच्या चारही बाजूंनी तीन-चार फूट कोबा करा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. न्हाणीचे पाणी भिंतीपाशी मुरू देऊ नका. आणि भिंतीला लागून झाड लावू नका, सावलीचा कितीही मोह झाला तरी. आपण हे पाच-दहा हजारांचे जादा काम करतो, ते भिंत वीस वर्षे टिकावी म्हणून. काळ्या मातीतल्या घरकुलाला पायासाठी वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण करायला हवी. डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार देतात ना, वाहतूक जास्त पडते म्हणून? मग काळ्या मातीने काय घोडे मारले आहे?

पक्के घर म्हणजे काय, याचा धडा मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने माणसे मारली म्हणतात, पण मारले ते घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, मधे नुसती माती, वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात थंड, चोराला अभेद्य, गावात प्रतिष्ठेचे. ती सगळी आतल्या माणसांवर बसली. कुडाच्या झोपडीत राहणारी गरीब माणसे त्या मानाने वाचली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. घरांची मापे जमीनधारणेप्रमाणे ठरली. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. रस्ते सरळ, चौक मोठे, सगळे शहरासारखे आखलेले. त्यात बैल कुठे बांधायचा आणि कडब्याची गंजी कुठे लावायची हा प्रश्न मात्र राहून गेला. लोकांनी पुढे आपल्या हाताने पडव्या आणि गोठे जोडले, तेव्हा कुठे ती गावे गावांसारखी दिसू लागली.

हीच गोष्ट आपल्या २६९ चौरस फुटांची. हे घर मजुरी करून येणाऱ्या आणि बाजारातून किलोकिलोने धान्य आणणाऱ्या कुटुंबाचे माप आहे. शेतकऱ्याचे घर हे घर असते, कोठार असते आणि गोदामही असते. बियाणे, औषधाचा पंप, ताडपत्र्या, वर्षाची ज्वारी हे सगळे कुठे ठेवायचे? आणि कापूस? दहा-बारा क्विंटल कापूस सैल भरला की दहा बाय दहाची खोली अर्धी भरून जाते. २०२१-२२ ला कापूस दहा हजारांच्या वर गेला, म्हणून २०२२-२३ ला आपण सगळ्यांनी भाव येईल या आशेने कापूस घरात धरून ठेवला. माणसे अंगणात झोपली, पोरांच्या अंगाला खाज सुटली, बायका उंदरांना आणि ठिणगीला जपत बसल्या. भाव काही आला नाही ही गोष्ट निराळी. पण धरून ठेवता येणे हीच तर शेतकऱ्याची बाजारातली ताकद. ज्याच्या घरात जागा आहे तो फेब्रुवारीची वाट बघू शकतो. ज्याच्या घरात जागा नाही तो वेचणीच्या दिवशीच गाडीत टाकतो आणि व्यापारी देईल तो भाव घेतो. घराचा आकार आणि मालाचा भाव यांचा असा संबंध आहे. कुठल्या अर्थसंकल्पाच्या भाषणात हे तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

आता जरा कडू विषय. तो मी टाळणार नाही, मग काही लोक उठून गेले तरी चालतील. गायरानाचा. ज्याला गावठाणात जागा नाही आणि सात-बाराही नाही, तो जाणार कुठे? तो गायरानात झोपडी घालतो. मराठवाड्यात गायरानाची लढाई जुनी आहे. दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी वर्षानुवर्षे मार खाऊन ती लढवली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची कसणाऱ्यांची अतिक्रमणे कायम करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. मग २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जागांसारख्या मोजक्या बाबतीत सवलतीची वाट ठेवली आहे, तेवढे वाक्य अधिकारी वाचून दाखवत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानावरच्या २ लाख २२ हजारांवर अतिक्रमणांचा आकडा आला आणि त्या हिवाळ्यात गावोगाव नोटिसा निघाल्या.

गायरान मोकळे झाले पाहिजे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. गुरे चारायची कुठे, हा प्रश्न खरा आहे, मी कृषीचा माणूस आहे, मला तो कळतो. पण जरा आपल्याच गायरानाची मोजणी करून बघा. झोपड्यांनी किती खाल्ले आणि बांध सरकवत सरकवत, विहीर पाडत पाडत मोठ्या खातेदारांनी किती खाल्ले? झोपडी दिसते, सरकलेला बांध दिसत नाही. आणि दुसरे म्हणजे, तुमचा कापूस वेचायला कोण येते? वेचणीला बाई मिळत नाही म्हणून दर हंगामात आपण रडतो. त्या बाईच्या झोपडीवर नोटीस चिकटली तर ती जालन्याला जाईल, वाळूजला जाईल, मुंबईला जाईल. मग वेचा कापूस.

गेल्यावर तिचे काय होते तेही बघितलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडून गेलेली कुटुंबे मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपडपट्ट्यांत राहिली. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना आपापल्या गावी धाडायचे ठरवले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो हे मान्य केले, आणि तरी पावसाळ्यानंतर नोटीस देऊन झोपड्या हटवायला परवानगी दिली. गावी परत जा, असे म्हणणाऱ्यांपैकी कुणीही गावी त्यांची जागा कुठे आहे हे विचारले नाही. पुढे १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. २२५ चौरस फुटांचे घर, बांधणार बिल्डर, आणि तो त्याच जमिनीवर जादा मजले विकून आपला खर्च आणि नफा काढणार. मुंबईच्या जमिनीला भाव आहे म्हणून तिथे हे गणित निदान मांडता तरी येते. केदारखेड्यात वरचे मजले कोण विकत घेणार? इथे पैसा सरकारने घातला तरच घर होते, नाहीतर माणसाच्या कमाईतून.

सगळीकडे असेच असते असेही नाही. केरळात जमीन सुधारणा कायद्याने १ जानेवारी १९७० पासून दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या मजुराला त्या जागेवर हक्क दिला. खेड्यात १० सेंट. आपल्या हिशोबाने ४ गुंठे. त्यात झोपडी, चार माड, एक शेळी, थोडी भाजी एवढे मावते. आणि मुख्य म्हणजे मजुरी ठरवताना मालक त्याला "उद्यापासून माझ्या जागेतून ऊठ" असे म्हणू शकत नाही. तिथल्या लाईफ मिशनमध्ये घराला ४ लाख रुपये देतात. आपल्याकडे जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी ५० हजार मिळायचे, नंतर १ लाख केले. माप ५०० चौरस फूट. म्हणजे अर्धा गुंठाही नाही. त्यात घर झाले की शेळीला घरातच घ्यावी लागेल.

मायबहिणींसाठी एक स्वतंत्र मुद्दा, आणि पुरुषांनी तो जास्त लक्ष देऊन ऐकावा. २००३ साली राज्याने "घर दोघांचे" असा निर्णय काढला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लागले पाहिजे. त्याला एक पैसा खर्च नाही. स्लॅब नको, सिमेंट नको, हप्ता नको. ग्रामसेवकाच्या वहीत एक ओळ. तरी किती घरांत झाले? घराला हिने शेणाने सारवले, हिने भिंती लिंपल्या, हिने विटा वाहिल्या. नवरा गेला किंवा त्याने टाकले की पहिल्या दिवशी तिला विचारतात, तुझे इथे काय आहे? सासर म्हणते माहेरी जा, माहेर म्हणते सासरी जा. बेघर होण्याचा गावातला सगळ्यात मोठा रस्ता हा आहे आणि तो सरकारने बांधलेला नाही.

आता कामाचे. येत्या ग्रामसभेत, मग ती १ मेची असो की १५ ऑगस्टची, तीन ठराव मांडायचे. पहिला, कलम १२२ खाली गावठाणवाढीचा, आणि तो मोघम नको. कुठला गट, किती आर, जमीन मुरमाड की काळी, हे लिहून, सोबत नकाशा जोडून. जागा निवडताना मला बोलवा, मी खड्डा खणून माती बघून देईन, त्याचे काही द्यावे लागत नाही. दुसरा ठराव, किसान क्रेडिट कार्ड आणि पाच एकर कोरडवाहूच्या अटी काढाव्यात आणि काळ्या मातीत पायासाठी जादा रक्कम द्यावी. हा ठराव एका गावाने केला तर केराच्या टोपलीत जाईल, तालुक्यातल्या सगळ्या ग्रामसभांनी एकाच महिन्यात केला तर गटविकास अधिकाऱ्याला वर पाठवावाच लागेल. तिसरा, गायरानाची पूर्ण मोजणी, झोपड्यांचीही आणि सरकलेल्या बांधांचीही. हा तिसरा ठराव मांडताना गोंधळ होईल. होऊ द्या.

आणि आवास प्लसच्या २०२४-२५ च्या सर्वेक्षणाची यादी ग्रामपंचायतीत मागून घ्या. मोठ्याने वाचायला लावा. ऊसतोडीला गेलेल्यांची नावे त्यात आली का, भावाच्या घरात राहणारी बहीण वेगळे कुटुंब म्हणून लागली का, हे तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही. ठरावांचे नमुने दाराशी ठेवले आहेत. प्रत्येक गावाने दोन प्रती न्याव्यात, आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घराच्या नमुना ८ चा उतारा आणावा. बायकोचे नाव लागलेला.

(टाळ्या)